तेओफिलो स्टीव्हन्सन प्रो झाला असता तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉक्सिंगवर गप्पा मारायला चार लोक बसले की तेओफिलो स्टीव्हन्सन अमॅच्युअर (हौशी) न राहता प्रो, म्हणजे पैशासाठी लढणारा बॉक्सर, झाला असता तर तिथे वर्ल्ड चॅम्पियन झाला असता का, हा विषय निघतोच आणि दर वेळी तेच प्रश्न, तेच वाद, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. मी स्टीव्हन्सनचा चाहता आहे, अगदी मनापासून. पण चाहता आहे म्हणून त्याचे हरलेले सामने झाकून ठेवणार नाही, उलट खरं उत्तर त्या हरलेल्या सामन्यांतच जास्त सापडतं असं माझं मत आहे.

हा स्टीव्हन्सन नक्की कोण?

क्युबाचा हेवीवेट. जन्म २९ मार्च १९५२, पुएर्तो पाद्रे गावचा. वडील सेंट व्हिन्सेंट बेटावरून क्युबात आलेले, म्हणून आडनाव असं इंग्रजी. उंची जवळपास ६ फूट ५ इंच, सरळ ताठ उभा राहणार, लांब डावा जॅब (सरळ झटक्याचा ठोसा) पुढे, आणि मागे तो उजवा हात. तो उजवा म्हणजे घणच. १९७२ म्युनिक, १९७६ माँट्रियल, १९८० मॉस्को, तिन्ही ऑलिंपिकला सोनं. वर्ल्ड चॅम्पियनशिप पण तीन, १९७४ हवाना, १९७८ बेलग्रेड आणि मग थेट १९८६ ला अमेरिकेत रिनोमध्ये, तेव्हा वय ३४. १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकवर क्युबाने बहिष्कार टाकला, नाहीतर चौथं सोनं पण शक्य होतं असं बरेच जण मानतात, मी पण मानतो. ११ जून २०१२ ला हवानात हार्ट अटॅकने गेला, साठ वर्षांचा होता फक्त.

बॉक्सिंगमध्ये तीन ऑलिंपिक सोनी त्याच्याआधी एकाकडेच होती, हंगेरीच्या लास्लो पापकडे. त्याच्यानंतर फेलिक्स सावोन, तो पण क्युबाचाच. पण एकाच वजनगटात तिन्ही वेळा जिंकणारा स्टीव्हन्सन पहिला.

मग प्रो का नाही झाला?

क्युबात क्रांतीनंतर १९६२ मध्ये प्रोफेशनल खेळच बंद केले. म्हणजे प्रो व्हायचं तर देश कायमचा सोडायचा, घरचे मागे राहणार, परत यायची सोय नाही. त्याआधी क्युबात प्रो बॉक्सिंगची मोठी परंपरा होती हे लोक विसरतात, किड चॉकलेट, किड गाव्हिलान हे वर्ल्ड चॅम्पियन तिथलेच, आणि बंदीनंतर बाहेर पडलेला होसे नापोलेस मेक्सिकोत जाऊन वेल्टरवेटचा राजा झाला. त्यामुळे 'क्युबन लोकांना प्रो जमत नाही' या म्हणण्यात काही दम नाही.

म्युनिकनंतर आणि मग माँट्रियलनंतर अमेरिकन प्रमोटर त्याच्यामागे हात धुऊन लागले होते, दहा लाख डॉलर आणि त्याच्यावरचे आकडे बोलले जात होते, आणि तेव्हाचे दहा लाख म्हणजे आजच्या हिशोबात काय ते बघा. त्याचं उत्तर वेगवेगळ्या शब्दांत छापून आलंय पण आशय एकच, ऐंशी लाख क्युबन माणसांच्या प्रेमापुढे दहा लाख डॉलरची काय किंमत.

हे त्याच्याकडून बोलवून घेतलं असणार, नाही का?

खूप जणांना असं वाटतं. माझं म्हणणं एवढंच की हा माणूस पंधरा वर्षं जगभर फिरला, अमेरिकेत जाऊन लढला, मनात असतं तर एका रात्री हॉटेलातून निघून जायचं होतं, बाकीचे किती क्युबन तसे गेलेच की. हा प्रत्येक वेळी परत आला. त्याला राजकारण म्हणा, माया म्हणा, पण त्याचा शब्द खरा धरायला मला काही अडचण वाटत नाही.

ठोसा तो ठोसाच, मग अमॅच्युअर आणि प्रोमध्ये एवढा फरक काय?

आपल्या भाषेत सांगायचं तर मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती. माणूस तोच, अंग तेच, डाव पण बरेचसे तेच, पण मातीत घोटलेला पैलवान गादीवर आला की वेळ, गुण, पकड सगळंच बदलतं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते असंच मातीतून गादीवर जाऊन, आणि त्याच हेलसिंकीत पापने आपलं दुसरं सोनं घेतलं होतं.

स्टीव्हन्सनच्या काळात अमॅच्युअर म्हणजे ३ मिनिटांचे ३ राऊंड, एकूण ९ मिनिटं. प्रोमध्ये टायटल फाइट (चॅम्पियनपदाची, म्हणजे बेल्टसाठीची लढत) १५ राऊंडची, म्हणजे ४५ मिनिटं. मी कॉलेजात असताना तीन वर्षं ग्लोव्हज घातलेत, आणि तिसऱ्या राऊंडच्या शेवटी काय होतं ते अजून अंगात आहे, खांदे जळायला लागतात, जॅब टाकून हात परत हनुवटीपाशी आणायचा असतो तो छातीपर्यंतच येतो, तोंडाने श्वास घ्यावा तर माऊथगार्ड आड येतं, आणि समोरच्याचा ठोसा येताना दिसत असतो पण मान हलत नाही. ते ९ मिनिटांत. तिथून पुढे अजून १२ राऊंड काढायचे म्हणजे वेगळाच श्वास लागतो, तो वेगळाच कमवावा लागतो. चौथ्या राऊंडला कुठे दम राखायचा, सातवा सोडून द्यायचा का, दहाव्यात जोर कधी लावायचा, हा सगळा हिशोब अमॅच्युअरला करावाच लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगाला भिडून लढणं. अमॅच्युअरमध्ये दोघं चिकटले की रेफ्री लगेच सोडवतो, प्रोमध्ये तसं नाही, तिथे समोरचा डोकं तुमच्या छातीत खुपसून बरगड्यांवर, पोटावर मारत राहणार, खांदा लावून रेटणार, तुमच्या मानेवर वजन टाकणार. पाचव्या राऊंडपर्यंत त्या पोटातल्या ठोशांनी पाय जड होतात. स्टीव्हन्सन लांबून लढणारा. पोटात मारणं त्याचं कधीच खास नव्हतं कारण त्याला गरजच पडली नाही.

त्याच्या बाजूची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तेव्हा हेडगिअर (डोक्याला घालायचं संरक्षक कवच) नव्हतं. ऑलिंपिकला हेडगिअर आलं १९८४ ला आणि पुरुषांचं परत निघालं ते २०१६ च्या रिओत. म्हणजे त्याची तिन्ही सोनी उघड्या डोक्याने लढून मिळवलेली आहेत.

त्याने ज्यांना हरवलं ते प्रोमध्ये कुठपर्यंत गेले?

इथेच खरी गंमत आहे, थोडं सविस्तर लिहितो.

माँट्रियलच्या सेमीफायनलला समोर अमेरिकेचा जॉन टेट होता. पहिल्याच राऊंडमध्ये उजवा बसला आणि विषय संपला. तोच टेट तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९७९ मध्ये, प्रिटोरियात गेरी कोएत्झीला हरवून डब्ल्यूबीएचा (प्रो बॉक्सिंगमध्ये बेल्ट देणारी एक संघटना) वर्ल्ड चॅम्पियन झाला. म्हणजे ज्याला स्टीव्हन्सनने एका राऊंडमध्ये झोपवला तो जगज्जेता. हे एक उदाहरण देऊन लोक वाद संपवतात, बघा म्हणे, स्टीव्हन्सन झालाच असता. पण टेटचं पुढे काय झालं ते पण बघा. मार्च १९८०, त्याच्याच नॉक्सव्हिल गावात माइक वीव्हरशी फाइट, टेट गुणांवर चांगला पुढे, १४ राऊंड झाले, पंधरावा पण संपत आला, शेवटचं मिनिट चालू, आणि वीव्हरच्या एका डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) तो जो पडला तो उठलाच नाही. १५ राऊंड म्हणजे काय चीज आहे ते त्या एका मिनिटात कळतं.

आता दुसरं उदाहरण, डुएन बॉबिक. १९७१ च्या पॅन अमेरिकन गेम्समध्ये त्याने स्टीव्हन्सनला हरवलं होतं, म्युनिकला स्टीव्हन्सनने परतफेड केली आणि तीही अशी की तिसऱ्या राऊंडमध्ये त्याला तीनदा खाली पाडलं आणि रेफ्रीने फाइट थांबवली. बॉबिक नंतर प्रो झाला, ३८ फाइट्स हरला नाही, आणि मग मे १९७७ मध्ये केन नॉर्टनने त्याला ५८ सेकंदांत संपवला. म्हणजे बॉबिकला हरवणं हा प्रोमधला पुरावा म्हणून फार भारी नाही.

आणि याच बॉबिकने १९७२ च्या अमेरिकन ऑलिंपिक ट्रायल्समध्ये कोणाला बाहेर काढलं होतं माहितीये? लॅरी होम्सला. होम्स सारखा पकडून ठेवत होता म्हणून डिसक्वालिफाय झाला. आता जोडून बघा, होम्स बॉबिककडून हरला, बॉबिक स्टीव्हन्सनकडून हरला, आणि प्रोमध्ये होम्सने हेवीवेट चॅम्पियन म्हणून १९७८ ते १९८५ सात वर्षं राज्य केलं तर बॉबिकला ५८ सेकंद पण उभं राहता आलं नाही. अमॅच्युअरच्या निकालांवरून प्रोचा हिशोब मांडणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लिहून ठेवावं.

आणि त्याला कोणी हरवलं?

सगळ्यात महत्त्वाचं नाव सोव्हिएत युनियनचा इगोर वीसोत्स्की. दोनदा हरवलं, १९७३ ला क्युबातच, म्हणजे घरात घुसून, आणि १९७६ ला मिन्स्कमध्ये, ते पण नॉकआउटने. वीसोत्स्की स्टीव्हन्सनपेक्षा उंचीने बराच कमी, पण थांबायचाच नाही, जॅबच्या खालून आत शिरायचा आणि आत गेला की दोन्ही हातांनी झोडायचा. आता विचार करा, जॅबच्या खालून आत शिरून डावा हुक मारणारा त्या काळचा प्रो कोण होता. जो फ्रेझियर.

मग १९८२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला इटलीच्या फ्रांचेस्को दामियानीने हरवलं. हा दामियानी पुढे १९८९ ला डब्ल्यूबीओ या दुसऱ्या संघटनेचा पहिला हेवीवेट चॅम्पियन झाला. तेव्हा स्टीव्हन्सन तिशीत आला होता हे खरं, पण चार वर्षांनी त्यानेच परत वर्ल्ड टायटल घेतलं, त्यामुळे फक्त वयावर ढकलता येत नाही.

एकूण तीनशेच्या वर फाइट्स जिंकलेल्या माणसाच्या या काही ठळक हारी आहेत. पण बहुतेक हारींचा साचा एकच दिसतो, त्याला लांब उभं राहू दिलं नाही की त्रास.

म्हणजे तुमचं मत काय, झाला असता की नाही?

माझं मत, झाला असता, पण कधी प्रो झाला असता त्यावर सगळं आहे.

म्युनिकनंतर लगेच, २० वर्षांचा असताना प्रो झाला असता तर तो हेवीवेटच्या सगळ्यात कठीण काळात पडला असता. जानेवारी १९७३ ला जॉर्ज फोरमनने फ्रेझियरला सहा वेळा पाडून टायटल घेतलं, ऑक्टोबर १९७४ ला मुहम्मद अलीने किन्शासात फोरमनला हरवून ते घेतलं. नॉर्टन, क्वारी, शेव्हर्स, लाइल, सगळे तगडे हेवीवेट एकाच वेळी. या गर्दीत तीन-चार वर्षं शिकत, थोडा मार खात तो वर आला असता, पण १९७५ च्या आधी बेल्ट मला दिसत नाही. तरुण फोरमनसमोर उभं राहून जॅब टाकत राहणं म्हणजे जिवाशी खेळ होता, आणि फ्रेझियर म्हणजे वीसोत्स्कीच, फक्त तिप्पट चांगला.

माँट्रियलनंतर, २४ व्या वर्षी झाला असता तर चित्र पूर्ण वेगळं. अली थकत आलेला, फोरमन १९७७ ला रिटायर झाला, फ्रेझियर संपला. दोन-अडीच वर्षं चांगल्या कोचकडे, १० राऊंडच्या फाइट्स करत, जवळून लढायचं शिकून १९७९-८० ला डब्ल्यूबीएच्या बेल्टसाठी उतरला असता तर टेट, कोएत्झी, वीव्हर यांच्यात मी पैसे त्याच्यावर लावले असते. होम्ससमोर नाही. होम्सचा जॅब त्याच्यापेक्षा सरस, पाय सरस, आणि पडून उठायची सवय. १५ राऊंडमध्ये होम्स गुणांवर जिंकतो असं मला वाटतं, मात्र पहिल्या चार राऊंडांत तो उजवा बसला तर माझं सगळं लिहिणं चुकीचं.

अलीला हरवलं असतं का?

१९७४ च्या अलीला नाही. ज्याने फोरमनचे ठोसे दोरावर टेकून खाल्ले आणि मग त्याला पाडलं त्याच्यासमोर फक्त उजव्या हाताच्या जोरावर जाता येत नाही. १९७८ च्या अलीला कदाचित हो, कारण त्या वर्षी फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्सने हरवलंच की. आणि हा स्पिंक्स म्हणजे तोच ज्याने माँट्रियलला लाइट हेवीवेटच्या फायनलमध्ये क्युबाच्या सिक्स्तो सोरियाला हरवून सोनं घेतलं होतं. एकाच ऑलिंपिकचे दोन सोनेरी, एक दीड वर्षात जाऊन अलीला हरवतो आणि दुसरा घरी राहतो. अली-स्टीव्हन्सन लढतीची बोलणी पण झाली होती, जमली नाही.

पुढे ते भेटले पण रिंगच्या बाहेर, १९९६ ला अली औषधांची मदत घेऊन हवानात गेला तेव्हा आणि परत १९९८ ला. अलीला तेव्हा पार्किन्सन्स होता, हात थरथरत होते, आणि दोघं गंमतीत एकमेकांवर ठोसे उगारत होते. मला ते फोटो बघून दर वेळी गलबलून येतं.

थेट टायटलसाठीच उतरवलं असतं तर? दुसऱ्या फाइट्स कशाला?

हे एकाने करून बघितलंय. १९५६ चा ऑलिंपिक हेवीवेट विजेता पीट रॅडेमाकर, पहिलीच प्रो फाइट आणि समोर वर्ल्ड चॅम्पियन फ्लॉइड पॅटरसन, ऑगस्ट १९५७. दुसऱ्या राऊंडमध्ये रॅडेमाकरने पॅटरसनला पाडलं सुद्धा! मग पॅटरसन उठला आणि त्याला पुनःपुन्हा पाडत सहाव्यात नॉकआउट केलं. स्टीव्हन्सन रॅडेमाकरपेक्षा कितीतरी मोठा बॉक्सर, मान्य, पण थेट उतरला असता तर गोष्ट साधारण अशीच झाली असती, सुरुवातीला सगळं स्टेडियम उभं आणि सहाव्या-सातव्यानंतर दम संपलेला.

आपल्या काळातला युक्रेनचा लोमाचेन्को घ्या. दोन ऑलिंपिक सोनी, अमॅच्युअरमध्ये ३९६ विजय आणि १ हार असं रेकॉर्ड सांगतात, कदाचित सगळ्यात भारी अमॅच्युअर. दुसऱ्याच प्रो फाइटमध्ये, मार्च २०१४ ला, टायटलसाठी ऑर्लांडो सालिदोसमोर उतरला. सालिदो वजनात न बसलेला, कमरेखाली मारणारा, अंगावर पडणारा जुना खेळाडू, आणि लोमाचेन्को हरला. तिसऱ्या फाइटमध्ये गॅरी रसेल ज्युनियरला हरवून चॅम्पियन झाला. शिकायला एक हार पुरली त्याला. सगळ्यांना पुरत नाही.

कम्युनिस्ट देशातला कोणी प्रो झालाच नाही का?

झाला ना, पापच झाला! माझ्या मते स्टीव्हन्सनशी तुलना करायची तर पापशीच. हंगेरी सरकारने १९५७ मध्ये परवानगी दिली, तेव्हा तो तिशीच्या पुढे होता, हाताची हाडं दुखावलेली, सराव आणि फाइट्स परदेशात. तरी १९६२ ला युरोपियन मिडलवेट चॅम्पियन झाला, २७ विजय, २ बरोबरी, हार शून्य. वर्ल्ड टायटलची संधी समोर आली आणि सरकारने परवानगी काढून घेतली. इतकं वाईट वाटतं ना वाचून. पण यातून एक कळतं की खरा मोठा अमॅच्युअर उशिरा, दुखऱ्या हातांनी पण प्रोमध्ये टिकतो.

देश सोडून गेलेल्या क्युबनांचं काय झालं?

मिश्र. कासामायोर, गांबोआ, रिगोंदो वर्ल्ड चॅम्पियन झाले, रिगोंदोने तर एप्रिल २०१३ ला नोनितो दोनेअरला शिकवल्यासारखं हरवलं. पण हेवीवेट ओदलानिएर सोलीस, २००४ चा सोनेरी, मार्च २०११ ला विताली क्लिच्कोसमोर पहिल्याच राऊंडमध्ये गुडघा जाऊन हरला आणि मग वर आलाच नाही. लक्षात घ्या, यशस्वी झालेले बहुतेक हलक्या वजनाचे. हेवीवेटला एक चूक पुरते.

आता तर २०२२ पासून क्युबाने स्वतःच आपल्या बॉक्सरांना प्रो लढायला परवानगी दिली, त्या मेमध्ये मेक्सिकोत पहिली टीम उतरली. स्टीव्हन्सनला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

आणि सावोन?

तो पण नाही गेला. सहा वर्ल्ड टायटल, तीन ऑलिंपिक. पण १९९७ च्या फायनलला त्याला रुस्लान चागाएवने हरवलं होतं (नंतर चागाएवचं पदक काढून सावोनला दिलं ती वेगळी गोष्ट) आणि चागाएव २००७ ला डब्ल्यूबीए चॅम्पियन झाला. माझ्या डोळ्यांना स्टीव्हन्सन सावोनपेक्षा सरस वाटतो, हनुवटी जास्त पक्की.

आपल्याकडचं काही उदाहरण?

विजेंदर सिंग. २००८ बीजिंगचं ब्राँझ, २०१५ ला प्रो झाला, २०१६ ला केरी होपला हरवून डब्ल्यूबीओचं एशिया पॅसिफिक टायटल घेतलं, ओळीने १२ फाइट्स जिंकला. पहिली हार झाली आपल्या शेजारी गोव्यात, मार्च २०२१, पणजीला कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रिंग लावली होती तिथे, रशियाच्या आर्तिश लोपसानकडून पाचव्या राऊंडमध्ये. लोपसान खूप उंच, आणि मध्ये जवळपास दीड वर्ष विजेंदरची फाइटच नव्हती. प्रोमध्ये सतत लढत राहावं लागतं, गॅप पडली की अंगातली लय जाते. स्टीव्हन्सनबद्दल बोलताना पण हे धरायला हवं, त्याला प्रमोटर कोण मिळाला असता, फाइट्स किती वेळाने मिळाल्या असत्या, हे सगळं त्याच्या उजव्या हाताइतकंच महत्त्वाचं.

एकच फाइट बघायची तर कुठली?

सगळे टेटची सांगतात, ती लगेच संपते. तुम्ही म्युनिकची बॉबिकची बघा, आणि त्यातला दुसरा राऊंड नीट बघा, तिसरा नाही. पहिल्यात स्टीव्हन्सन लांबून जॅब टाकतोय, सगळं त्याच्या मनासारखं. दुसऱ्यात बॉबिक आत शिरतो, रेटतो, आणि तो राऊंड बॉबिकचा आहे. तिथे थांबवा आणि स्वतःला विचारा, याच्यापुढे अजून १३ राऊंड असते तर? मग तिसरा लावा. २० वर्षांचा पोरगा एक पाऊल मागे घेतो, अंतर परत मिळवतो, आणि मग तो उजवा येतो.